बोलेरो पिकअपला ईजीटी, बूस्ट, तेलदाब आणि पाण्याचे मीटर लावायचेत: सेन्सर नक्की कुठे बसवायचे?

साखरपा_चढ

नमस्कार मंडळी. गाडी बोलेरो पिकअप, बीएस४, २५२३ सीसीचं एम२डीआयसीआर इंजिन. टर्बो मूळचाच, रीमॅप (इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलणं) वगैरे काही केलेलं नाही. काम म्हणजे एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या भरून रत्नागिरी ते कोल्हापूर, म्हणजे साखरप्यापासून आंबा घाटाचा सगळा चढ दीड टन माल घेऊन.

डॅशवरचा तापमानाचा काटा मध्यावर येतो आणि तिथेच राहतो. ऊन असो, चढ असो, फरक दिसत नाही. त्यामुळे चार वेगळे मीटर लावायचा विचार आहे: एक्झॉस्ट गॅसचं तापमान (ईजीटी), बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब), तेलाचा दाब आणि पाण्याचं तापमान. सगळे ५२ मिमीचे, १२ व्होल्टचे.

विचारायचं ते असं. ईजीटीचा सेन्सर टर्बोच्या आधी की नंतर? एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरचा धूर एकत्र आणणारा बिडाचा भाग) न काढता भोक पाडता येतं असं एका गॅरेजमध्ये सांगितलं, ते खरं का? तेलाच्या दाबाचा सेन्सर बसवताना मूळचा लाल दिव्याचा स्विच काढावा लागतो का? आणि वायरिंग कुठून घ्यायचं?

---

लेथ_कट्टा

ईजीटीपासून सुरुवात करतो, कारण चुकलं तर सगळ्यात महाग तेच पडतं.

सेन्सर टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये. चारही सिलिंडरचा गॅस जिथे एकत्र येतो तिथे, टर्बोच्या फ्लँजपासून अडीच ते पाच सेंटिमीटर अलीकडे. एकाच सिलिंडरच्या फांदीत बसवला तर तेवढ्या एकाच सिलिंडरचा ताप कळेल. जागा ठरवताना तीन गोष्टी पाहा. बिडाची भिंत किमान ५ मिमी जाड हवी, नाहीतर आटे धरणार नाहीत. ड्रिल आणि टॅपचं हँडल सरळ फिरायला जागा हवी. आणि प्रोबची (सेन्सरच्या दांड्याची) वायर बाहेर पडताना हीट शील्डला किंवा डिझेलच्या पायपाला घासता कामा नये.

मॅनिफोल्ड न काढता भोक पाडता येतं, पण पाडू नका. बिडाचा चुरा बारीक आणि कडक असतो. लहान टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं; त्यात चुऱ्याचा एक कण गेला तरी पात्याची कड तुटते, चाकाचा तोल जातो आणि पुढे बेअरिंग संपतं. इंजिन चालू ठेवून भोक पाडायचं म्हणजे गॅस चुरा बाहेर फेकतो, अशी एक पद्धत सांगतात. भोक आरपार होताना ती थोडीफार खरी आहे. पण टॅप मारताना आट्यांच्या कडा आतल्या बाजूला सुटतात, त्या थेट टर्बोकडेच जातात. त्यामुळे मॅनिफोल्ड काढूनच करा.

काढताना स्टडचे नट आदल्या दिवशीच गंज सुटायचं तेल मारून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा मारा. कोरड्या नटावर पाना लावून जोर केला की स्टड तुटतो आणि अर्ध्या दिवसाचं काम तीन दिवसांचं होतं. गॅसकेट नवीन घ्या, जुनं परत लावू नका.

भोक १/८ एनपीटीचं (अमेरिकन पाइप-आट्यांच्या मापाचं) असेल तर आधी ४ मिमीचं पायलट, मग ६.५, शेवटी ८.७ मिमी. बीड कोरडंच ड्रिल होतं, तेल ओतायची गरज नाही. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. एनपीटीचे आटे निमुळते असतात, म्हणून टॅप शेवटपर्यंत घालू नका. तसं केलं तर फिटिंग कधीच आवळून बसणार नाही. टॅप बाहेर काढून फिटिंग हाताने लावून पाहत जा. हाताने साधारण चार फेरे गेलं की टॅप थांबवा, पुढचे दीड-दोन फेरे पान्याने.

प्रोबचं टोक गॅसच्या वाटेच्या मधोमध हवं. आतलं अंतर ३५ मिमी असेल तर टोक १५ ते १८ मिमी आत. भिंतीलगत राहिलं तर बिडाचं तापमान दाखवेल, गॅसचं नाही. आकडा कमी येईल आणि हळू हलेल. आट्यांना निकेलवालं अँटीसीझ लावा, टेफ्लॉन टेप इथे जळून जाते. फिटिंगमधली फेरूल (प्रोबभोवती आवळली जाणारी कडी) एकदा आवळली की प्रोबवर कायमची बसते, म्हणून खोली आधी मोजून खूण करा आणि मगच आवळा.

प्रोब के टाइपचा, म्हणजे त्या जातीचा थर्मोकपल (दोन धातूंच्या जोडातून तापमान मोजणारा सेन्सर). वेष्टन एसएस ३१० किंवा इनकोनेलचं मागा. ३०४चं रोजच्या लोडवर पापुद्रे धरतं, आणि त्याचं टोक तुटलं तर पुढे टर्बोच आहे. जाडी ४.५ मिमी चांगली: ३ मिमीचा चपळ पण नाजूक, ६ मिमीचा दणकट पण सुस्त. भोसरी-चिंचवडकडे भट्ट्यांसाठी थर्मोकपल बनवणारे आहेत, ते हव्या त्या लांबीचा करून देतात. मागताना ‘अनग्राउंडेड जंक्शन’ (आतला जोड वेष्टनाला न टेकलेला) असं स्पष्ट सांगा. नाहीतर इंजिनाचा अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हची जोडणी) प्रोबमधून मीटरमध्ये शिरतो आणि स्वस्त मीटरचे आकडे उड्या मारतात.

तेलाचं उत्तर: मूळचा स्विच काढून टाकायचा नाही. त्या भोकात टी लावा, एका तोंडाला जुना स्विच, दुसऱ्याला नवीन सेंडर (मीटरला दाब कळवणारा सेन्सर). मात्र पितळी टी आणि त्यावर डबीसारखा जड सेंडर असं थेट ब्लॉकवर लटकवू नका. चार सिलिंडर डिझेलच्या थरथरीने टीची मान तुटते आणि तेल काही मिनिटांत रस्त्यावर. ब्लॉकमध्ये छोटं स्टीलचं निपल, तिथून ३० ते ४५ सेंमीचा जाळीदार होज, आणि टी-सेंडर बॉडीवरच्या पट्टीला क्लॅम्पने बसवा. होजच्या एका टोकाला हलणारं इंजिन आणि दुसऱ्याला स्थिर बॉडी, म्हणून होज ताणलेला नको, थोडा झोल ठेवा. आणि केबिनपर्यंत तेलाची नळी नेणारा मेकॅनिकल मीटर घेऊ नका. नळी सुटली तर गरम तेल पायावर येतं.

---

वायर_थिंबल

वायरिंगचं मी सांगतो.

चारही मीटरना मिळून १ अँपिअरच्या आसपास लागेल. इग्निशन चालू केल्यावर जिवंत होणारी लाइन फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅपने घ्या आणि ३ अँपिअरचा वेगळा फ्यूज टाका. मूळ वायरची साल काढून पीळ मारून जोड देऊ नका. सिगारेट लायटरची लाइनही टाळा; बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारताना ती बंद पडते आणि डिजिटल मीटर प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू होतो. मीटरच्या आतल्या दिव्याची वायर पार्किंग लाइटच्या लाइनवरून.

पॉवर आणि अर्थला ०.७५ चौरस मिमी, सेन्सरच्या सिग्नलला ०.५ पुरते. ऑटो केबलच वापरा, घरगुती वायर इंजिनाच्या उष्णतेत कडक होऊन तडकते. टोकांना थिंबल (भोकवाली धातूची टिकली) दाबून बसवा, त्यावर हीट श्रिंक. नुसतं सोल्डरिंग केलेला जोड थरथरीच्या जागी सोल्डर जिथे संपतं तिथेच तुटतो.

सगळ्यात जास्त घोळ अर्थचा होतो. रेझिस्टन्सवाला सेंडर इंजिन ब्लॉकमधून अर्थ घेतो आणि मीटर केबिनच्या पत्र्यातून. इंजिन ते बॉडी ही पट्टी गंजलेली असेल तर दोन्ही अर्थमध्ये व्होल्टेजचा फरक पडतो आणि हेडलाइट लावले की तेलाचा काटा हलतो. तपासायचं असं: इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मीटरच्या अर्थला. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी ती पट्टी साफ करा किंवा बदला. मीटर बदलून काही होणार नाही.

लेथ_कट्टांनी सेंडर होजवर न्यायला सांगितला ते योग्यच, पण होज रबराचा असेल तर सेंडरच्या अंगाला अर्थ मिळत नाही. क्लॅम्पपासून बॅटरी निगेटिव्हपर्यंत किंवा ब्लॉकपर्यंत वेगळी अर्थ वायर ओढावी लागते. आणि सेंडरच्या आट्यांना टेफ्लॉन टेप नको: एक तर अर्थ कच्चा होतो, दुसरं म्हणजे टेपचा तुकडा तेलाच्या वाटेत जातो. पातळ सीलंट, तेही पहिले दोन आटे सोडून.

सेंडर आणि मीटर एकाच जोडीचे घ्या. व्हीडीओ (जर्मन कंपनी) पद्धतीचा सेंडर शून्य दाबाला सुमारे १० ओहम आणि पूर्ण दाबाला १८० च्या वर जातो. अमेरिकन पद्धतीचा उलटा चालतो, २४० वरून ३३ कडे. जोडी चुकली की इंजिन बंद असताना काटा शेवटच्या टोकाला चिकटलेला दिसतो.

थर्मोकपलची वायर मात्र तांब्याने वाढवायची नाही. के टाइपचीच एक्स्टेन्शन केबल घ्या आणि थेट मीटरपर्यंत न्या. समजा बॉनेटखाली ८० अंशांच्या जागी तांब्याचा जोड दिला आणि केबिनमध्ये ३५ अंश आहेत, तर मीटर ४५ अंश कमी दाखवेल. घाटात जास्त ताणाल तसा बॉनेटखालचा ताप वाढेल आणि चूकही वाढेल. रंग: अमेरिकन पद्धतीत पिवळी पॉझिटिव्ह, लाल निगेटिव्ह, युरोपियन पद्धतीत हिरवी पॉझिटिव्ह, पांढरी निगेटिव्ह. लाल बघून पॉझिटिव्हला लावायची सवय इथे नडते. उलटी लागली तर प्रोब तापवल्यावर आकडा खाली जातो.

इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला नवीन भोक पाडायच्या आधी मूळ वायरिंगचं रबरी ग्रोमेट पाहा; त्यात तीन-चार वायरी सहज जातात. भोक पाडावंच लागलं तर ग्रोमेट लावल्याशिवाय वायर घालू नका. आत शिरण्याआधी वायरला खाली एक झोल द्या म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून केबिनमध्ये येणार नाही. आत आल्यावर क्लच आणि ब्रेकच्या पेडलपासून लांब, दर १५-२० सेंमीला टाय.

---

साखरपा_चढ

दोघांचेही मनापासून आभार. आणखी तीन शंका. मॅनिफोल्ड काढायचं नसेल तर टर्बोनंतर सायलेन्सरच्या पायपात प्रोब लावून त्यात ठरावीक १५० अंश मिळवले तर चालेल का? दुसरं, हार्डवेअरच्या दुकानात १/८चा टॅप म्हणून बीएसपी (ब्रिटिश पाइप-आटे) मिळतोय, एनपीटी नाही. फरक पडतो का? तिसरं, ओबीडीत (गाडीच्या संगणकाची माहिती वाचायच्या सॉकेटमध्ये) ब्लूटूथचं यंत्र लावून मोबाइलवर सगळं दिसतं म्हणतात, मग मीटर हवेतच कशाला?

---

लेथ_कट्टा

टर्बोनंतर लावणं सोपं आहे. पायपाला बुश वेल्ड करायचा, प्रोब बसवायचा, चुऱ्याचीही भीती नाही. टर्बोच्या तोंडापासून १०-१५ सेंमीच्या आत लावा. पण ठरावीक आकडा मिळवता येत नाही. टर्बो गॅसमधली ऊर्जा काढून घेतो म्हणून तापमान पडतं. जितका बूस्ट जास्त तितकी पड जास्त. पूर्ण लोडवर १०० ते २०० अंशांचा फरक पडतो आणि आयडलला जवळजवळ काहीच नाही. म्हणजे नेमका जेव्हा आकडा महत्त्वाचा, तेव्हाच तो सगळ्यात अंदाजे. कल पाहायला ठीक, मर्यादा पाळायला नाही. मूळ सेटिंगची गाडी असल्यामुळे आणि गॅसकेट-स्टडच्या भानगडीत पडायचं नसेल तर मी टर्बोनंतरचा पर्याय अगदी चूक म्हणणार नाही. फक्त मर्यादा तशी खाली धरा, ५०० च्या आसपास.

बीएसपी आणि एनपीटीचा फरक पडतोच. एनपीटीला इंचाला २७ आटे, कोन ६० अंश; बीएसपीला २८ आटे, कोन ५५ अंश. दीड-दोन फेरे एकमेकांत जातात आणि बसलं असं वाटतं, पण पुढे आटे कापले जातात आणि गळती होते. आपल्याकडच्या हार्डवेअरमध्ये बीएसपीच जास्त चालतो, बाहेरून आलेल्या मीटरबरोबरचं फिटिंग बहुधा एनपीटी असतं. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला एनपीटी टॅप मिळतो. नाहीतर उलटं करा: प्रोब इथेच बनवून घेताय तर फिटिंगच १/८ बीएसपीटी (निमुळत्या आट्यांचा बीएसपी) मागा आणि त्याच जातीचा टॅप मारा. तेलाच्या स्विचला कोणते आटे आहेत ते थ्रेड गेजने मोजल्याशिवाय टी विकत घेऊ नका. तो १/८ बीएसपीटी, एनपीटी किंवा एम१० बाय १ यांपैकी काहीही निघू शकतो आणि तिन्ही नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात.

---

घाटमाथा

ओबीडीबद्दल. यंत्राने पाण्याचं तापमान, आरपीएम, इनटेक मॅनिफोल्डचा (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या भागाचा) दाब आणि बॅटरी व्होल्टेज बहुतेक मिळतं. पाण्याचा आकडा खरा असतो, कारण ईसीयूचा (इंजिनाच्या संगणकाचा) स्वतःचा सेन्सर वाचला जातो. डॅशचा काटा मात्र बऱ्याच गाड्यांत मुद्दाम साधारण ८० पासून शंभरीपर्यंत मध्यावरच ठेवलेला असतो. तो हलतो तोपर्यंत उशीर झालेला असतो. तेलाचा दाब ओबीडीवर येणार नाही, कारण तिथे फक्त चालू-बंद स्विच आहे. ईजीटीही बीएस४वर येणार नाही, सेन्सरच नाही.

मॅनिफोल्डचा दाब वाचताना एक लक्षात ठेवा: तो निरपेक्ष दाब असतो. किलोपास्कलच्या आकड्यातून वातावरणाचा दाब वजा करायचा, रत्नागिरीला सुमारे १०१, घाटमाथ्यावर ९४-९५. उरलेल्याला १०० ने भागलं की बारमध्ये बूस्ट. शिवाय हा नेहमीचा आकडा २५५ च्या वर जाऊच शकत नाही, एका बाइटमध्ये तेवढंच मावतं. तुमच्या गाडीला अडचण यायची नाही.

पण मंडळी, क्रमाबद्दल माझं मत वेगळं आहे. माल वाहणाऱ्या मूळ सेटिंगच्या गाडीचं इंजिन जास्त करून पाणी गेल्याने मरतं. म्हणून पहिला पैसा पाण्याच्या बाजूला घाला.

आणि त्यातही पाण्याच्या तापमानाच्या मीटरची एक फसवणूक समजून घ्या. वरच्या होजमध्ये अडॅप्टर कापून सेन्सर बसवायची पद्धत सोपी आहे. पण होज फाटून पाणी गेलं की सेन्सर हवेत आणि वाफेत उघडा पडतो, आकडा उलट खाली येतो. ड्रायव्हरला वाटतं गाडी थंड झाली, आणि तोवर हेड वाकलेलं असतं. शिवाय वरचा होज बहुतेक इंजिनांत थर्मोस्टॅटच्या पुढे असतो, त्यामुळे थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तिथे थंडच दिसतं, आणि थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर इंजिन उकळत असताना मीटर निवांत.

म्हणून पाण्याऐवजी धातूचं तापमान मोजा. थिंबलच्या आकाराचा सेन्सर मिळतो, त्याचं भोक ६ किंवा ८ मिमीचं असतं. तो हेडवर थर्मोस्टॅटच्या घराच्या बोल्टखाली किंवा इंजिन उचलायच्या हुकाच्या बोल्टखाली बसवा. हेड बोल्टखाली कधीही नाही, त्याची आवळ बिघडते. पाणी असो वा नसो, धातू तापला की आकडा वर जातोच. आठवडाभर गाडी लोडवर चालवून नेहमीचा सर्वांत जास्त आकडा टिपा आणि अलार्म त्यावर १०-१२ अंशांनी लावा. बझर मोठ्या आवाजाचा हवा. घाटात ड्रायव्हरने मीटरकडे बघत बसायचं नसतं.

जोडीला पाणी कमी झाल्याचा अलार्म. त्याचा प्रोब रेडिएटरच्या वरच्या टाकीत किंवा वरच्या होजच्या सर्वांत उंच जागी हवा. प्लास्टिकच्या ओव्हरफ्लो बाटलीत फ्लोट टाकून भागत नाही: कॅपचं रबर गेलं किंवा नळी फुटली की रेडिएटर रिकामा होतो आणि बाटली भरलेलीच राहते.

होज अडॅप्टरच लावणार असाल तर होजचा आतला व्यास व्हर्नियरने मोजून घ्या, २ मिमीच्या फरकानेही तो दाबाखाली सुटतो. अडॅप्टर रबरामध्ये असल्यामुळे त्यालाही वेगळी अर्थ वायर लागते. आणि नुसतं पाणी घालू नका. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड पाणी, आणि कॅप चांगली असेल तर उकळबिंदू १२५ च्या पुढे जातो. कॅप सैल असेल तर तेच मिश्रण ११० च्या आतच उकळतं. कॅप स्वस्त आहे, आधी तीच बदला.

---

साखरपा_चढ

हे फार कामाचं सांगितलंत. म्हणजे धातूचा सेन्सर आणि पाण्याचा अलार्म आधी, मग मॅनिफोल्ड काढून ईजीटी, असं ठरवतो. बूस्टची नळी कुठून घ्यायची तेवढं राहिलं. आणि मीटर बसल्यावर कोणत्या आकड्याला काय करायचं?

---

लेथ_कट्टा

बूस्टची नळी इनटेक मॅनिफोल्डवरून, म्हणजे इंटरकूलर असेल तर त्याच्याही पुढून. मॅनिफोल्डला रिकामा प्लग असेल तर तिथे निपल. नसेल तर मॅनिफोल्ड खाली उतरवून भोक-टॅप, कारण चुऱ्याचा नियम इथेही तोच, फक्त इथे तो सिलिंडरमध्ये जातो. टर्बोच्या वेस्टगेटच्या (जादा गॅस बाजूने सोडून बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेच्या) डबीला जाणाऱ्या नळीत टी मारू नका. ती दाबावर चालणारी असेल आणि टी गळला, तर वेस्टगेटला दाब कमी पोहोचतो, तो उशिरा उघडतो आणि टर्बो जास्त बूस्ट करतो. निर्वातावर चालणारी असेल तर तिथे बूस्ट नसतोच.

नळी ४ मिमी नायलॉनची, टर्बो आणि एक्झॉस्टपासून एक वीत तरी लांब. मीटरकडे सलग चढती ठेवा, मध्ये खोलगट भाग राहिला तर तिथे तेलाची वाफ साचते आणि काटा आळशी होतो. काटा थरथरत असेल तर निपलमध्ये बारीक भोकाचा रिस्ट्रिक्टर घाला.

---

घाटमाथा

आकड्यांचं.

ईजीटी टर्बोच्या आधी: लोडवर सलग ६५०पर्यंत निश्चिंत राहा. ६५० ते ७००मध्ये काहीतरी करा. ७०० ओलांडून वर चढत राहिला तर पाय सैल. ही सर्वसाधारण मर्यादा आहे. तुमच्या इंजिनाचा आकडा कंपनीकडून मिळाला तर तोच अंतिम. अॅल्युमिनियम ६६० ला वितळतं म्हणून ६६० दिसताच घाबरू नका. तो गॅसचा ताप आहे. पिस्टनला तेल, सिलिंडरची भिंत आणि पुढच्या सक्शनची हवा थंड करत असते, तो गॅसपेक्षा बराच थंड असतो. मात्र जास्त ताप किती वेळ राहतो हे महत्त्वाचं: दहा सेकंद ओव्हरटेकला आणि दहा मिनिटं चढाला यांत फार फरक आहे.

‘काहीतरी करा’ म्हणजे बहुतेक वेळा गिअर खाली. चढावर वरच्या गिअरमध्ये १४००-१५०० आरपीएमला पाय पूर्ण दाबून गाडी ओढवली की डिझेल भरपूर जातं, पण टर्बो पुरेशी हवा देत नाही. डिझेल इंजिनात हवेच्या मानाने इंधन जास्त झालं की ईजीटी चढतो. गिअर खाली घेतला की आरपीएम वाढतो, हवा वाढते, पाण्याचा पंपही जोरात फिरतो आणि तोच वेग राखून ईजीटी उतरताना दिसतो. डिझेल वाचेल म्हणून वरच्या गिअरमध्ये रेटायची ड्रायव्हर लोकांची सवय या एका मीटरने मोडते. ईजीटी काही सेकंदांत बोलतो, पाणी काही मिनिटांनी. म्हणून चढ सुरू होतानाच ईजीटी बघून गिअर ठरवा, पाण्यावर वेळच येणार नाही.

खरा फायदा मीटर एकत्र वाचण्यात आहे. बूस्ट नेहमीपेक्षा कमी, ईजीटी जास्त आणि काळा धूर: टर्बोनंतरचा होज फाटलाय किंवा क्लिप सैल आहे. एअर फिल्टर चोंदल्यावरही असंच होतं, पण हळूहळू, काही आठवड्यांत. बूस्ट कमी आणि ईजीटीही कमी, गाडीला जोर नाही: डिझेलच कमी पोहोचतंय, फिल्टर बघा. बूस्ट नेहमीसारखा पण ईजीटी चढता: इंजेक्टर तपासून घ्या. पाण्याचं तापमान जास्त पण ईजीटी नेहमीसारखा: इंजिनावर ताण नाही, दोष कूलिंगचा आहे, पंख्याचा क्लच, रेडिएटरच्या जाळीतला कचरा, बेल्ट.

हे सगळं ‘नेहमीपेक्षा’वर अवलंबून आहे. म्हणून सर्व्हिस झाल्यावर, नवीन एअर फिल्टर असताना, एकाच चढावर, ठरावीक गिअरला आणि आरपीएमला चारही आकडे लिहून ठेवा. दुसऱ्याच्या गाडीच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही.

तेलाचा दाब: गरम इंजिनला आयडलवर १ बारच्या आसपास चालतो, पुढे दर हजार आरपीएमला साधारण ०.७ बार हवा. थंड इंजिनला ४-५ बार दिसला तर तो नेहमीचाच. गरम असताना महिनोन्महिने उतरत गेला तर बेअरिंग किंवा पंप. लाल दिवा लागायची वाट बघायची नाही. तो स्विच इतक्या कमी दाबाला लागतो की तेव्हा बेअरिंगचं नुकसान सुरू झालेलं असतं.

चढ संपवून गाडी उभी करताना ईजीटी २०० च्या खाली येईपर्यंत आयडलवर ठेवा, मग किल्ली बंद. लगेच बंद केली तर टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल जागच्या जागी करपतं.

---

दरीखोरे_४बाय४

बीएस६वाल्यांसाठी थोडंसं, कारण हे वाचून कुणीतरी ड्रिल घेऊन बसेल. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस १.९ किंवा बीएस६ पिकअपमध्ये डीपीएफसाठी (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरसाठी) कंपनीचेच एक्झॉस्ट तापमानाचे सेन्सर असतात. आधी ओबीडीवर ते वाचता येतात का पाहा, बऱ्याचदा ॲपमध्ये सापडतात. रीजनरेशन (साचलेली काजळी जाळणं) चालू असताना डीपीएफकडचा सेन्सर ६०० च्या आसपास दाखवतो, तेही सपाट रस्त्यावर. तो दोष नाही. वॉरंटीतल्या गाडीचं मॅनिफोल्ड फोडू नका. आणि पडद्याच्या एअरबॅगा असतील तर खांबावर मीटरचा पॉड (मीटर बसवायची डबी) लावायचा नाही, एअरबॅग फुटताना तो थेट तोंडावर येतो.

---

वायर_थिंबल

खांबाचा विषय निघालाच आहे तर: एअरबॅग नसली तरी उजव्या खांबावर पॉड नको. घाटातल्या उजव्या वळणावर समोरून येणारी दुचाकी आधीच त्या खांबाआड जाते. डॅशच्या मध्यावर, स्टिअरिंगच्या वरच्या कडेपेक्षा खाली, ड्रायव्हरकडे थोडं वळवून लावा. मीटर असे फिरवून बसवा की नेहमीच्या आकड्याला सगळे काटे सरळ वर उभे राहतील. मग एक काटा कलला की नजर न रोखताही कळतो.

आणि पॅनल कायमचं आवळण्याआधी तपासणी. तापमानाचे दोन्ही सेन्सर वायरला जोडलेले असतानाच उकळत्या पाण्यात धरा, भांड्याच्या तळाला टेकवू नका. रत्नागिरीला १०० दिसायला हवं, कोल्हापूरला करत असाल तर ९८. धातूच्या सेन्सरमध्ये दोन-तीन अंश इकडेतिकडे चालेल, ईजीटीमध्ये पाच-सातपर्यंत सोडून द्या. जास्त फरक असेल तर थर्मोकपलचे जोड पुन्हा बघा. बूस्टच्या नळीचं मॅनिफोल्डकडचं टोक सोडून त्याला सायकलचा गेजवाला पंप लावून १ बार भरा, १४.५ पीएसआय दिसायला हवेत आणि काटा मिनिटभर जागचा हलता कामा नये, हलला तर गळती आहे. तेलाच्या सेंडरची वायर काढून अर्थला टेकवा: व्हीडीओ पद्धतीचा काटा शून्याकडे गेला पाहिजे. मग इंजिन चालू करून दहा मिनिटं प्रत्येक फिटिंगखाली पांढरा कागद धरा, आणि पहिल्या भरलेल्या फेरीनंतर गाडी थंड झाल्यावर मॅनिफोल्डचे नट, होजच्या क्लिपा आणि तेलाचा टी पुन्हा एकदा पान्याने तपासा.